हप्ता थकला, तर दंड कुणाचा?

आपला हप्ता चुकला की बँक दंड लावते आणि तो स्वतःच ठेवते. शरियतमध्ये असं जादा घेणं म्हणजे रिबा, व्याज. हराम! पण दंडच नसेल तर लोक मुद्दाम थकवतील की.

मलेशियात बँक नेगाराने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, वाट काढली. मुदत संपण्याआधी थकलेल्या हप्त्यावर वर्षाला १ टक्का भरपाई, ‘तअवीद’, इस्लामिक बँक घेऊ शकते. त्यावरचा दंड, ‘गरामा’, दानधर्मात जातो, नफ्यात नाही. चक्रवाढही नाही.

मला एक खटकतं. कर्जदाराच्या खिशातून पैसे जातातच ना! कुराण तर (२:२८०) अडचणीतल्याला सवड द्या म्हणतं. ऐपत असून टाळणारा वेगळा, नोकरी गेलेला वेगळा. १ टक्का मात्र दोघांना तोच.