ओळखीची बँक आणि भाड्याचा स्विच

आज बोलूया सहकारी बँकेबद्दल. तीच, जिचं पासबुक आईबाबांच्या कपाटात असतं आणि जिचं ॲप आपण कधी उघडलेलं नसतं.

पुण्याची कॉसमॉस १९०६ची, मुंबईची सारस्वत १९१८ची. देशातल्या सगळ्यात जास्त नागरी सहकारी बँका आपल्या महाराष्ट्रात आहेत. यांचा मूळ नियम मला अजूनही भारी वाटतो: शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. ज्या दुकानदाराला मोठी बँक दारात उभी करत नव्हती, त्याला इथे कर्ज मिळालं, कारण मॅनेजर त्याला ओळखायचा.

पण यूपीआय आणि एटीएमला ओळखबिळख कळत नाही. तिथे तीन शाखांची बँक आणि स्टेट बँक एकाच हायवेवर असतात.

ऑगस्ट २०१८ आठवा. कॉसमॉसवर सायबर हल्ला झाला, साधारण ९४ कोटी गेले. कसे? आपण एटीएममध्ये कार्ड घातलं की एका 'स्विच'मार्फत बँकेच्या मुख्य सिस्टमला प्रश्न जातो, "याच्या खात्यात पैसे आहेत का?" हल्लेखोरांनी मधे खोटा स्विच बसवला. तो आपला प्रत्येकाला "हो, द्या" म्हणत सुटला. मुख्य सिस्टमपर्यंत प्रश्न पोचलाच नाही. क्लोन केलेल्या कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले गेले. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नाही, असं बँकेने सांगितलं. आणि लक्षात घ्या, कॉसमॉस ही या गटातली मोठी बँक!

मग छोट्या बँकेने काय करायचं? स्वतःची टीम परवडत नाही, म्हणून ती सिस्टम भाड्याने घेते. तिथेही गोम आहेच. जुलै २०२४च्या शेवटी सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला. ही स्टेट बँक आणि टीसीएसची भागीदारीतली कंपनी, म्हणजे कोणी ऐरीगैरी नव्हे. धोका पसरू नये म्हणून एनपीसीआयने तिला नेटवर्कपासून तोडलं आणि जवळपास ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडकले. दुसऱ्या दिवशी सुरू झाले, ठीक. पण त्या ३०० बँकांच्या मॅनेजरच्या हातात काहीच नव्हतं.

मार्च २०२४मध्ये या बँकांसाठी एक छत्रसंस्था सुरू झाली आहे. टेक्नॉलॉजी एकत्र पुरवणं हे तिचं एक काम. माझं मत विचाराल तर चकाचक ॲप नंतर, आधी रात्री अडीचला लॉग बघणारी माणसं नेमा.

आता घरचं बघू. ठेवींवरचा विमा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत आहे, तोही सगळ्या शाखा आणि व्याज धरून. चार शाखांत चार एफडी केल्या म्हणून २० लाख होत नाहीत. २०१९मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ही मर्यादा १ लाख होती आणि सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. २०२१च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यावर विम्याचे पैसे ९० दिवसांत मिळायची तरतूद झाली. तेव्हा आजच सगळ्या पावत्या काढा आणि बेरीज करा.

आणि बाबा सभासद असतील तर वार्षिक सभेची नोटीस येतेच. त्यांना दोन प्रश्न लिहून द्या: आपल्या बँकेची सिस्टम कोणाची आहे? ती उद्या बंद पडली तर आपल्याकडे दुसरं काय आहे?