ऋतुस्राव : खूण कशाची आणि हमी कशाची?

मराठी भाषेत ज्या गोष्टींना आडवळणाची नावे पुष्कळ मिळाली, त्यांत स्त्रियांच्या ऋतुस्रावाचा क्रमांक बराच वरचा लागेल. कोणाला कावळा शिवतो, कोणी बाजूला बसते, कोणाला अडचण येते, कोणी नुसतीच दूर होते. नावे इतकी, पण ही गोष्ट होते कशी, हे सांगणारे एक सरळ वाक्य पुष्कळ घरांत आईच्या तोंडून मुलीच्या कानावर पडत नाही. लोणच्याच्या बरणीला हात लावू नये, देवघरात जाऊ नये, एवढे मात्र पहिल्याच दिवशी सांगून होते. काय करू नये याची यादी पाठ आणि काय घडत आहे याचे ज्ञान नाही, अशा स्थितीत तर्कालाच शास्त्राची जागा मिळते. या विषयातील चुकीच्या तर्काची किंमत नको असलेल्या गरोदरपणाने, लांबलेल्या उपचाराने आणि कित्येकदा प्राणानेही द्यावी लागते.

या समजुती वरवर पाहता निरनिराळ्या दिसतात. परंतु त्यांच्यापैकी बहुतेकींच्या मुळाशी एकच चूक आहे. ऋतुस्राव ही घडून गेलेल्या गोष्टीची खूण आहे. लोक तिला पुढे घडणाऱ्या गोष्टीची हमी समजतात.

हे नीट कळण्यासाठी शरीरातील क्रम पाहिला पाहिजे. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस एकेक बीजकोश असतो. साधारणपणे दर महिन्यास त्यांपैकी एकातून एक स्त्रीबीज पक्व होऊन बाहेर पडते. गर्भ रुजलाच तर त्याला आधार मिळावा म्हणून गर्भाशयाचे आतील अस्तर जाड व रक्तपूर्ण होत असते. बीज फळले नाही, म्हणजे त्या अस्तराचे प्रयोजन उरत नाही. ते सुटून रक्ताबरोबर बाहेर पडते. हाच ऋतुस्राव. शरीरातील घाण किंवा उष्णता महिनाभर साचून त्या वाटेने निघून जाते, ही कल्पना निराधार आहे. एका पाळीत जाणारे रक्त बहुधा ३० ते ८० मिलिलिटर, म्हणजे दोन ते पाच मोठे चमचे इतकेच असते. विटाळाला शरीरशास्त्रात कोठेही स्थान नाही. लक्षात ठेवावयाची गोष्ट ही की, आधी बीज सुटते आणि त्यानंतर सुमारे चौदा दिवसांनी स्राव होतो. हा क्रम विसरल्यामुळेच पुढील सर्व घोटाळे होतात.

पहिला घोटाळा मुलीच्या पहिल्या पाळीचा. न्हाण आले म्हणजे मुलगी संसाराला व आईपणाला योग्य झाली, ही समजूत एके काळी धर्माज्ञेच्या तोडीची मानली जात असे. तिच्यावरून पुणे शहरात केवढे वादळ उठले होते, हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. बंगालमधील फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी १८९० साली पतीच्या समागमाने झालेल्या इजेमुळे दगावली. त्यानंतर संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा १८९१ साली झाला. पहिल्या रजोदर्शनालाच गर्भाधानसंस्कार झाला पाहिजे. कायद्याने तो लांबविणे म्हणजे धर्मलोप होय, असे विरोधकांचे म्हणणे होते. लोकमान्य टिळकांचा मुख्य आक्षेप परक्या सरकारने धर्माचारात हात घालण्यास होता. उलट डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी धर्मशास्त्रातूनच आधार काढून, असे बंधन नाही हे दाखविण्याचा यत्न केला. वचनांचा हा संग्राम मोठा झाला. पण प्रश्न ज्या शरीराचा होता, ते शरीर काय सांगते याची चौकशी त्या मानाने थोडीच झाली.

शरीर असे सांगते की, पहिली पाळी ही वाढीच्या आरंभाची खूण आहे, शेवटाची नव्हे. तिच्यानंतरही काही वर्षे मुलीच्या कटिभागाची हाडे वाढत असतात. त्या वयातील प्रसूतीत अडून बसणे, रक्तदाब वाढून झटके येणे, बाळंतरोग होणे आणि मूल कमी वजनाचे निपजणे, हे धोके वयात आलेल्या स्त्रीपेक्षा अधिक असतात. याचे उदाहरण पुण्याला दूर शोधावे लागत नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ साली पुण्यात झाला. नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले, चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या आणि योग्य उपचार न मिळाल्यामुळे ते मूल दहा दिवसांतच गेले. त्या दुःखातूनच त्या वैद्यकाकडे वळल्या. १८८६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने त्यांचा पुण्यात अंत झाला. आज कायद्याने मुलीचे विवाहाचे वय अठरा आहे. ते पाळण्यात केवळ कायद्याचा मान नाही. तिच्या जिवाचे रक्षण आहे.

दुसरा घोटाळा दिवसांच्या मोजणीचा. आणि आजच्या सुशिक्षित घरांतही तोच सर्वांत अधिक फसवितो. कोणत्या दिवसांत गर्भ राहतो याविषयी माणसाने फार प्राचीन काळापासून अंदाज बांधले आहेत. सुश्रुतसंहितेने रजोदर्शनापासून बारा रात्रींचा ऋतुकाल मानला, मनुस्मृतीने सोळा रात्रींचा; त्यानंतर गर्भाशयाचे द्वार मिटते अशी समजूत होती. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्य जनावरांच्या माजावरून तर्क करून, पाळीच्या आसपासच गर्भ राहतो आणि दोन पाळ्यांमधले दिवस निर्भय, असे सांगत. म्हणजे ज्या दिवसांत भय सर्वांत अधिक, तेच त्यांनी निर्भय ठरविले होते. हा गुंता विसाव्या शतकात सुटला. जपानचे डॉ. क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ साली, आणि ऑस्ट्रियाचे डॉ. हेर्मान क्नाउस यांनी स्वतंत्रपणे त्याच दशकाच्या अखेरीस दाखविले की, बीज सुटण्याचा दिवस मागच्या पाळीपासून पुढे नव्हे, तर पुढच्या पाळीपासून मागे मोजला पाहिजे.

या एका वाक्यातच मोजणीची मर्यादाही सांगितलेली आहे. पुढची पाळी येईपर्यंत तिच्यापासून मागे मोजणार कसे? समजा एखाद्या स्त्रीची पाळी अठ्ठाविसाव्या दिवशी येते. तर बीज सुमारे चौदाव्या दिवशी सुटेल. दुसरीची पाळी बाविसाव्या दिवशी आली, तर तेच बीज आठव्या दिवशी सुटलेले असते. तिसरीची पस्तिसाव्या दिवशी आली, तर एकविसाव्या. त्यात पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते, आणि स्त्रीबीज सुटल्यावर सुमारे एक दिवस टिकते. तेव्हा बावीस दिवसांच्या पाळीच्या स्त्रीस तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या, म्हणजे प्रत्यक्ष स्राव चालू असतानाच्या, संबंधातूनही दिवस जाऊ शकतात. पाळी चालू असता गर्भ राहतच नाही, ही समजूत येणेप्रमाणे निकालात निघते. आजारपण, प्रवास, जागरण किंवा मनस्ताप यांनीही एखाद्या महिन्याचा हिशेब चुकतो, आणि तो चुकला हे नंतरच कळते. ओगिनो यांनी स्वतःही केवळ दिवसांच्या मोजणीवर गर्भनिरोधासाठी विसंबण्यास विरोध केला होता.

हिंदुस्थानात या रीतीची परीक्षाही झाली. १९५२ ते १९५४ या काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने दिल्लीच्या लोदी कॉलनीत व म्हैसूर राज्यातील रामनगरम् येथे स्त्रियांना दिवस मोजण्यास शिकविण्यात आले. त्यासाठी रंगीत मण्यांच्या माळाही देण्यात आल्या. थोड्याच जोडप्यांना ती रीत नीट पाळता आली. दोष स्त्रियांच्या बुद्धीचा नव्हता. मणी सर्वांचे सारखे होते; शरीरे सारखी नव्हती.

तिसरी समजूत बाळंतिणीची. मूल अंगावर पीत आहे आणि पाळी आलेली नाही, तोवर दिवस जाणार नाहीत, असे घरोघर सांगितले जाते. यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच ते अधिक फसवे आहे. मूल सहा महिन्यांच्या आतले असावे, रात्रंदिवस केवळ आईच्याच दुधावर असावे, आणि आईस पाळी आलेली नसावी. या तीनही गोष्टी एकत्र असतील तर शंभरांतील अठ्ठ्याण्णव स्त्रियांना संरक्षण मिळते. परंतु बाळाला वरचे दूध सुरू झाले, किंवा सहावा महिना उलटला, की तो भरवसा संपतो. बाळंतपणानंतरची पहिली पाळी दिसण्यापूर्वीच एक बीज सुटलेले असू शकते. कारण आधी बीज, मग स्राव, हाच क्रम. पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या कित्येक माता अशा रीतीने पाळी न येताच पुन्हा गरोदर राहतात. एका बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहण्यापूर्वी निदान दोन वर्षांचे अंतर असावे, असा वैद्यांचा सल्ला आहे. ते अंतर केवळ स्तनपानाच्या भरवशावर राखता येत नाही.

चौथी समजूत सर्वांत धोक्याची आहे. थोडा स्राव झाला, म्हणजे पाळी आली. पाळी आली, म्हणजे दिवस गेलेले नाहीत. असा हा हिशेब. वस्तुतः गरोदरपणात पाळी येत नसली, तरी पहिल्या तीन महिन्यांत सुमारे चौघींपैकी एकीला काही ना काही स्राव होतो. त्यांतील पुष्कळींचे गरोदरपण पुढे नीट पार पडते. परंतु काहींच्या बाबतीत ती गर्भपाताची सूचना असते. आणि शंभरांत एक-दोघींच्या बाबतीत गर्भ गर्भाशयात न रुजता बीजवाहिनीत रुजलेला असतो. ती नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन काही तासांत प्राणावर बेतते. पाळी चुकलेली किंवा नेहमीपेक्षा निराळी, ओटीपोटात एका बाजूला कळ, आणि घेरी, अशी लक्षणे असता ओव्याचा काढा घेऊन निजून राहणे म्हणजे मोलाचा वेळ दवडणे होय. अशा वेळी तत्काळ रुग्णालयच गाठले पाहिजे.

पाळी थांबण्याच्या वयातही हीच चूक वेगळ्या रूपाने होते. चाळिशीनंतर पाळी पुढे-मागे होऊ लागली, की आता भय उरले नाही असे समजले जाते. सलग बारा महिने पाळी न आल्यावाचून ती गेली असे म्हणता येत नाही. आणि त्या वयातील गरोदरपणात रक्तदाब व मधुमेह यांचा धोका अधिक असतो.

आता एक गोष्ट पुरुषांसंबंधी. पाळी नियमित आहे म्हणजे मूल होणारच, आणि झाले नाही तर दोष स्त्रीचाच, हा न्याय आजही चालतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा अन्य कारणांबरोबर आढळते. एक वर्ष प्रयत्न करून यश न आले, किंवा स्त्रीचे वय पस्तिशीपुढे असता सहा महिन्यांत न आले, तर दोघांचीही तपासणी झाली पाहिजे. मुलगा की मुलगी हे तर सर्वस्वी पुरुषबीजावर ठरते; सम रात्री मुलगा आणि विषम रात्री मुलगी, या जुन्या कल्पनेला आधार नाही. तरीही वांझ हा शब्द स्त्रीलाच लावला जातो, आणि मुलींच्या जन्माचा ठपकाही तिच्यावरच येतो.

या गोष्टी मराठीत उघडपणे सांगण्याचा यत्न पूर्वी झाला नाही असे नाही. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव व फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कार्यापायी १९२५ साली त्यांना प्राध्यापकाची जागा सोडावी लागली. १९२७ साली सुरू केलेले 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी १९५३ सालच्या आपल्या मृत्यूपर्यंत चालविले. १९३४ साली त्यांच्यावर चाललेला एक खटला वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल होता. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. तरी कर्व्यांना दंड झालाच. पुण्यात शकुंतलाबाई परांजपे यांनी १९३८ पासून हेच कार्य हाती घेतले आणि चेष्टा सोसून ते वर्षानुवर्षे केले.

त्या काळी जे ज्ञान मिळविण्यासाठी लोकांना निनावी पत्र लिहावे लागे, ते आज कोणत्याही सरकारी दवाखान्यात विचारता येते. गर्भनिरोधाची साधने तेथे विनामूल्य मिळतात. पाळी चुकल्यानंतर थोड्याच दिवसांत लघवीची साधी तपासणी घरच्या घरी करता येते. नको असलेल्या गरोदरपणाबाबत १९७१ च्या कायद्याने ठरवून दिलेल्या अटींत नोंदणीकृत डॉक्टरकडून सुरक्षित गर्भपात करून घेता येतो. गावठी औषधांनी जीव धोक्यात घालण्याचे कारण नाही. पाळीच्या तारखा मात्र प्रत्येक स्त्रीने लिहून ठेवाव्यात. उद्याचे भाकीत करण्यास त्या पुरेशा नाहीत. पण नेहमीच्या क्रमात बदल झाला तर तो वेळीच ध्यानात येण्यास आणि डॉक्टरांना सांगण्यास त्यांचा फार उपयोग होतो.