पिरॅमिडमागची भाकरी

इजिप्तच्या पिरॅमिडचं चित्र मुलांच्या पुस्तकात तुम्ही पाहिलं असेल. आज आम्ही त्याविषयी बोलणार आहोत. पण राजाविषयी कमी, त्याच्या मजुरांच्या पोटाविषयी जास्त.

पिरॅमिड म्हणजे राजाची कबर. सगळ्यात मोठा गिझा इथला, खुफू राजाचा, साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. बांधला तेव्हा उंची सुमारे १४६ मीटर. दगड साधारण २३ लाख, आणि एकेक सरासरी अडीच टनांचा. म्हणजे पन्नास किलोची पन्नास पोती! ते दगड लाकडी घसरगाडीवर ठेवून माणसांनी दोरानं ओढले. वरच्या थराचा पांढरा दगड होड्यांतून आला. त्या होड्यांवरच्या मेरेर नावाच्या मुकादमाची रोजची नोंद २०१३ साली सापडली. कुठं दगड भरला, कुठं मुक्काम केला, सगळं लिहिलेलं. सोबतच्या कागदांत धान्याचा हिशेबही आहे.

सिनेमात चाबकाखाली राबणारे गुलाम दाखवतात. पण गिझाला या मजुरांची वस्तीच खोदकामात निघाली. भाकरीच्या भट्ट्या, भाजायची जाड मातीची भांडी, गुराढोरांच्या, शेळ्यामेंढ्यांच्या हाडांचे ढीग. जवळच त्यांच्या कबरी. सांगाड्यांचे मणके झिजलेले आहेत, पण मोडलेली हाडं जुळूनही आलेली आहेत. म्हणजे त्यांच्यावर कुणीतरी उपचार करत होतं. तरी राजाच्या बोलावण्याला नाही म्हणायची सोय थोडीच होती! ही मजुरी म्हणायची की वेठ? आम्हाला विचाराल तर दोन्ही.

आणि एवढ्या भाकरीचं पीठ? फिरतं जातं तिकडं तेव्हा नव्हतं. आपल्या पाट्यासारखा दगड जमिनीवर, बाई गुडघे टेकून, दोन्ही हातांनी वरचा दगड पुढं-मागं करणार. अशा दळणाऱ्या बायांच्या छोट्या दगडी मूर्ती गिझाच्या कबरींत मिळाल्या आहेत. ज्यांनी पाट्यावर मसाला वाटलाय, त्यांना खांदे कसे भरून येतात ते सांगायला नको. पुस्तकांत दगडांचा हिशेब पानभर असतो, या दळणाला जेमतेम एक ओळ.

पुढं पिरॅमिड बांधणं थांबलं. राजांच्या कबरी दक्षिणेला, डोंगराच्या पोटात कोरायला लागले. ते कारागीर बायकामुलांसह देर अल-मदिना या गावात राहत. मजुरी गव्हाच्या आणि सातूच्या रूपात मिळे. तिसऱ्या रामसेस राजाच्या २९व्या वर्षी, म्हणजे सुमारे ३,२०० वर्षांपूर्वी, ते धान्य थकलं. कारागीर हत्यारं ठेवून चौक्या ओलांडून निघाले आणि देवळामागं जाऊन बसले. आम्ही उपाशी आहोत, कपडा नाही, तेल नाही, मासळी-भाजी नाही, हे राजाला कळवा, असं त्यांनी अधिकाऱ्यांना ऐकवलं. दुसऱ्या देवळात गेले, तिथंही ठिय्या दिला. तेव्हा कुठं मागच्या महिन्याचं धान्य हातात पडलं.

हा सगळा वृत्तांत लिहिलेला कागद आज इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. लेखी पुरावा असलेला जगातला सगळ्यात जुना संप तो हाच, असं मानतात. पुढच्या महिन्यांतही धान्य थकत राहिलं, आणि राजाच्या कबरीचं काम टाकून ती माणसं पुन्हा पुन्हा बाहेर येऊन बसत राहिली.