पत्र्याखालची धग



आज मी घराच्या छपराविषयी चार शब्द सांगणार आहे.

पूर्वी आपली घरे मातीची. भिंत हातभर रुंद. वर माळवद, नाहीतर गवताचे छप्पर. बाहेर ऊन रणरणत असले, तरी आत गारवा असे. पुढे पत्रे आले. पत्र्याला दरसाल शाकारणी नको. म्हणून लोकांनी पत्रा घेतला. ते ठीकच झाले.

पण पत्रा पडला पातळ. ऊन लागले की लगेच तापतो आणि सारी धग खाली सोडतो. थंडीत तोच पत्रा गारठतो. जाड मातीला तापायला वेळ लागतो. गवतात हवा कोंडलेली असते, ती उष्णता अडवते. गोधडीत ऊब टिकते, तीही अशीच.

ही धग जीव घेते. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६ अंशांच्या वर गेला. त्या महिन्यात तिथे एरवीपेक्षा तेराशेहून जास्त माणसे दगावली. मग २०१३ मध्ये तिथल्या महानगरपालिकेने उन्हापासून बचावाची योजना आखली. २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगण राज्याने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच केले.

पांढरेच का? उन्हात काळे घोंगडे तापते, पांढरे धोतर तितके तापत नाही. छपराचेही तसेच. पांढऱ्या छपराखाली घर २ ते ५ अंशांनी थंड राहू शकते.

मग आपण काय करावे? स्लॅब असेल तर होळी झाली की वरून चुन्याचे दोन हात द्यावेत. चुन्यात थोडा डिंक घालावा, म्हणजे तो धरून राहतो. कळीचा चुना भिजताना उसळतो. पोरांना दूर ठेवा, डोळे सांभाळा. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून दरसाल द्यावा. पत्र्यावर चुना नीट बसत नाही, त्याला पांढरा रंग लावा. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्या बांधा. चुलीच्या वर मात्र तट्ट्या नकोत. ठिणगी उडायची!

घरकुल मंजूर झाले तर नुसत्या भिंती बघू नका, छपराचेही विचारा. शाळेचे आणि अंगणवाडीचे छप्पर पांढरे करा, असे ग्रामसभेत सांगा. आता तुम्हाला लिहिता येते. अर्ज स्वतःच्या हाताने लिहा, खाली सही करा. भर दुपारी घरात कोण असते? म्हातारी माणसे आणि तान्ही लेकरे. त्यांना अर्ज लिहिता येत नाही. तो तुम्हीच लिहायचा आहे.