थुंकीचा नमुना आणि पिंजऱ्यातील प्राणी
(कतारगाम, सुरत येथील मराठी भाषिक रहिवासी व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



वैद्यकाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी रुग्णांचे नमुने आणि प्रयोगशाळेतील प्राणी कशासाठी लागतात, असा प्रश्न येथील शिक्षकांनी मला विचारला आहे. त्याचे उत्तर देण्यास या वस्तीइतके योग्य स्थळ नाही.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ उद्भवली आणि आपल्या शेजारच्या वेड रस्त्याचे नाव देशभर पोहोचले. थोड्याच दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. त्याआधी, ऑगस्टमध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीचा प्लेग आढळला होता. तरीही हा रोग खरोखर प्लेगच काय, याविषयी देशी-विदेशी तज्ज्ञांत दीर्घकाळ वाद चालला.

वादाचे एक कारण साधे होते. निदानाची खात्रीची रीत म्हणजे रुग्णाच्या थुंकीतून, रक्तातून वा गाठीतील द्रवातून जंतू वाढवून दाखविणे. परंतु टेट्रासायक्लिन घरोघर पोहोचले होते. प्राण वाचविण्यासाठी ते योग्यच झाले. मात्र औषध पोटात गेल्यावर घेतलेल्या थुंकीत जिवंत जंतू सापडणे दुरापास्त असते. जे थोडे जंतू रुग्णांच्या थुंकीतून व उंदरांतून हाती लागले, ते जतन करण्यात आले. म्हणूनच हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांना त्यांच्या डीएनएची तपासणी करता आली आणि २००० साली, म्हणजे सहा वर्षांनी, ते प्लेगचेच असल्याचे प्रसिद्ध करता आले.

आता प्राण्यांविषयी. थुंकीत इतर असंख्य जंतू मिसळलेले असतात. जुन्या प्रयोगशाळांत गिनीपिगच्या अंगावरील केस काढून त्या जागी नमुना चोळीत. (नावात पिग असले तरी हा प्राणी उंदराप्रमाणेच कृंतक गणातील आहे.) इतर जंतू बहुधा कातडीवरच अडत, प्लेगचा आत शिरे. प्राणी दगावे आणि निदान होई. १९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने मुंबईतील प्लेगच्या घरांत गिनीपिगचे पिंजरे ठेवले. बारीक जाळीमुळे पिसवांपासून सुरक्षित राहिलेले प्राणी वाचले. उघड्या पिंजऱ्यांतील प्राण्यांना प्लेग झाला. खोली तीच, हवा तीच. उंदरावरील पिसूच रोग पसरविते, याला असा भक्कम पुरावा मिळाला. हे काम ज्या परळच्या प्रयोगशाळेशी निगडित होते, ती आज हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते.

आज जनुकीय चाचण्यांमुळे अशा निदानासाठी प्राण्याचा बळी देण्याची गरज पुष्कळ कमी झाली आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखालील १९९८ च्या नियमांन्वये संशोधनसंस्थांत नीतिसमितीची मंजुरीही लागते. जे आधीच सिद्ध झाले आहे, ते केवळ प्रबंधाची पाने भरण्यासाठी पुन्हा प्राण्यावर करून पाहणे मला समर्थनीय वाटत नाही. मार्गदर्शक प्राध्यापकांनीच ते थांबवावे.

रुग्णाची संमती ही तर अंगठा उमटविण्यापुरती बाब नव्हेच. नमुना कशासाठी, तो कोठे ठेवणार, उरलेल्याचे काय करणार, हे विद्यार्थ्याने रुग्णाच्या भाषेत सांगावे. रुग्णानेही आधी कोणती गोळी घेतली व केव्हा घेतली, हे लपवू नये. ती वेळ डबीवरच्या चिठ्ठीत, नावाच्या खाली, नमुना घेतानाच लिहून घ्यावी.