अननसाचा स्वभाव



कामरेजची काळी जमीन उसाला फार मानवते. त्याच जमिनीत मी एकदा कोकणातून आणलेले अननसाचे फुटवे शाळेच्या आवारात लावले. मुलांनी हौसेने दोन्ही वेळा पाणी घातले. पावसाळा सरला तेव्हा मधली पाने धरताच उपटून हाती येत. गाभा कुजला होता. दोष मुलांचा नव्हता. त्या झाडाचा स्वभाव मीच जाणून घेतला नव्हता.

अननस ब्रोमेलिया कुळातला. स्वीडिश वैद्य ओलोफ ब्रोमेलियस यांच्यावरून हे नाव पडले. या कुळात तीन हजारांहून अधिक जाती असून, आफ्रिकेतील एक सोडल्यास सर्वांची मायभूमी अमेरिका. पुष्कळ जाती वृक्षांच्या फांद्यांवर बसतात, पण वृक्षाचा रस घेत नाहीत. उरलेल्या भुईवर किंवा खडकावर वाढतात. अँडीज पर्वतावरील पुया रायमोंडी फुलोऱ्यासह तीस फुटांपर्यंत पोहोचते आणि आयुष्यात एकदाच फुलून मरते.

अननसही भुईवरचाच, परंतु तो सर्वस्वी भुईवर विसंबत नाही. त्याची पन्हळीसारखी पाने दव आणि पाऊस बुडाशी उतरवितात. तेथे पानांच्या बेचक्यांतही मुळे असतात. पानांची सूक्ष्म छिद्रे तो दिवसा बहुतांशी मिटून ठेवतो. रात्री ती उघडून कर्बवायू घेतो, आम्लाच्या रूपाने साठवितो आणि दुसऱ्या दिवशी उन्हात त्याची साखर बनवितो. असा काटकसरी जीव थोड्या पाण्यावर तगतो. त्याची मुळे मात्र उथळ. त्यांना हवा लागते. चिकण काळ्या मातीत पाणी तुंबले की ती गुदमरतात. कोकण-गोव्याच्या जांभ्या जमिनीत पाण्याचा निचरा होतो, म्हणून तेथे तो सुखाने नांदतो.

कोलंबसाला हे फळ १४९३ साली ग्वादलूप बेटावर भेटले. पोर्तुगीजांनी ते हिंदुस्थानात आणले. फिरंग्यांच्या बंदरांतले हे सुगंधी फळ आग्र्याच्या बागेत हजारोंनी पिकते, अशी नोंद जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत केली आहे.

शंभराहून अधिक फुले एकजीव होऊन एक अननस घडतो. एका खोडाला एकदाच फळ येते. मग बाजूचे फुटवे वंश चालवितात.

यंदा आम्ही उंच वरंब्यावर, रेती मिसळून नवे फुटवे लावले आहेत. मुलांना मी एवढेच सांगितले आहे : झारी उचलण्यापूर्वी बोटाने माती चाचपून पाहा. उसाची माया अननसाला सोसत नाही. वर्गात शिकवितानाही ही गोष्ट मला आता आठवते.