परिषदेला कोण कोण आलं होतं?



गुन्हेगार शेवटच्या पानापर्यंत लपवायचा, हा आपल्या रहस्यकथांचा रिवाज. अ‍ॅपल टीव्हीवरची ‘स्मोक’ ही नऊ भागांची मालिका तो दुसऱ्याच भागात मोडते. आगींचा छडा लावणारा डेव्ह गडसन स्वतःच आगी लावत असतो. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी मला माफ करावं. पण हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

लेखक डेनिस लिहेन यांना हा माणूस आयता मिळाला. कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेल अग्निशमन दलात जॉन ऑर हा कॅप्टन होता, आगींच्या तपासातला नावाजलेला अधिकारी. १० ऑक्टोबर १९८४ला साउथ पॅसाडिनातलं एक मोठं दुकान जळालं. चारजण गेले; त्यांत एक आजी आणि तिचा दोन वर्षांचा नातू. अपघात म्हणून प्रकरण मिटत होतं, तर ऑरच ठासून सांगत होता की आग लावलेली आहे!

कुंपणानं शेत खाल्लं, एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही. मला त्यातला खरा माणूस वाटतो तो बेकर्सफील्डचा कॅप्टन मार्विन केसी. जानेवारी १९८७मध्ये तिथल्या दुकानात सुक्या फुलांच्या टोपलीला आग लागली. टोपलीत अर्धवट जळालेला ऐवज सापडला : एक सिगारेट, तीन काड्या, रबरबँड आणि भोवती वहीचा पिवळा रेघी कागद. दिवाळीत पोरं उदबत्तीला वात बांधून लांब पळतात ना, तीच युक्ती. सिगारेट काड्यांपर्यंत पोचेस्तोवर लावणारा पसार. कागदावर बोटाचा एक ठसा मिळाला.

त्याच सुमारास फ्रेस्नो आणि टुलारीतही दुकानं पेटली होती. केसीनं नकाशा पाहिला; सगळी गावं एकाच महामार्गावर. आणि फ्रेस्नोत तेव्हा काय चाललं होतं? आगींच्या तपासनीसांची परिषद! केसीला जे सुचलं ते कुणी मनावर घेईना. आपल्यातलाच माणूस? छे! १९८९मध्ये पॅसिफिक ग्रोव्हला परिषद भरली, पुन्हा वाटेवरच्या गावांत आगी. केसीनं दोन्ही परिषदांच्या याद्या ताडून पाहिल्या. नावं उरली दहा. त्यांचे ठसे तपासले, आणि तज्ज्ञांनी निर्वाळा दिला : एकही जुळत नाही.

बिचारा केसी! १९९१मध्ये तोच ठसा पुन्हा तपासला, तेव्हा तो ऑरचा निघाला. ऑर त्या दहांत होताच. डिसेंबरमध्ये त्याला अटक झाली.

पडद्यावर हजेरीच्या याद्या कोण बघणार? मालिकेचा भर गडसनच्या मनावर आहे, आणि टॅरन एजर्टन हा नट त्याची आत्मप्रौढी फार छान उभी करतो. गडसन कादंबरी लिहितो, तपासनीस नायकाची. काही प्रेक्षकांना हे अति वाटलं असेल. पण ऑरनंही ‘पॉइंट्स ऑफ ओरिजिन’ नावाची कादंबरी लिहिली होती. त्यातला आगलाव्या अग्निशमन दलातलाच. ती छापून यावी म्हणून त्याची खटपट चालू होती. सरकारी वकिलांनी ते हस्तलिखित पुरावा म्हणून कोर्टात मांडलं. १९९८मध्ये चार खुनांबद्दल तो दोषी ठरला. शिक्षा मरेपर्यंत तुरुंगवासाची.